शालीला टाचलेली चिठ्ठी

४ जून

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. घरात फोन असताना ही बाई कागद का काळे करते, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगते. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो. गेल्या रविवारी तुम्ही गुडघ्यांचं काहीतरी सांगत होतात, मी स्वयंपाकघरातल्या नळाचं सांगत होते. फोन ठेवल्यावर मला तुमचे गुडघे कळले नव्हते आणि तुम्हालाही माझा नळ कळला नसणार. पत्रात निदान एकीला गप्प बसावंच लागतं.

सोबत एक शाल पाठवते आहे. ह्यांची आहे. परवा सकाळी दिवा लावताना हात हलला आणि कडेला तेल सांडलं. इथल्या दुकानात टाकायचा धीर होत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने डाग काढाल म्हणून पाठवली. घाई नाही. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील, शाल कुणी मागायला येणार नाही.

बदलीचं तुमच्या कानावर आलंच असेल. माझ्या मुलाला कंपनीने विचारलंय, की आमच्या गावच्या शाखेत जाणार की तुमच्या गावच्या. ऑगस्ट उजाडायच्या आत त्याने कळवायचं आहे. मी तर त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा रे, तू आणि सूनबाई दोघांनी ठरवा, माझा कुठलाच आग्रह नाही. माझ्या तीन खोल्या आहेत, त्यांत मी एकटी आहे, पण म्हणून काही मी तुमच्या वाटेत येणार नाही. तुम्हीही तुमच्या लेकीला हेच सांगितलं असेल.

बुधवारच्या प्रवचनाला मी नेमाने जाते. वही ठेवली आहे. परवा विषय होता, माणसं देवाकडे का येतात. चार तऱ्हा असतात म्हणे. एक संकटात पोळलेला, धावत येतो. दुसऱ्याला काहीतरी हवं असतं. तिसऱ्याला देव म्हणजे काय हे जाणून घ्यायचं असतं. आणि चौथा जाणून बसलेला, त्याला काहीच नको असतं. मी तिसऱ्यातली. चौतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या, त्यामुळे स्वच्छ बघायची सवयच आहे. देवाकडे मी आजवर कधी काही मागितलं नाही. खरं सांगायचं तर चौथ्या तऱ्हेच्या उंबरठ्यावर आहे म्हटलं तरी चालेल, पण आपणच आपलं कसं म्हणायचं.

तुम्ही कुठल्या, ते जरूर कळवा.

तुमची,
विहीण

१३ जून

विहीणबाईंना साष्टांग नमस्कार,

उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला नुसता नमस्कार करून कसं चालेल, म्हणून साष्टांग. गुडघ्यांमुळे तो कागदावरच घातला आहे, मान्य करून घ्या.

शाल मिळाली. कापड चांगलं आहे. डाग जुना नाही, निघेल. फक्त चोळायचा नाही, पावडर टाकून तेल वर ओढून घ्यायचं आणि मग कोमट पाणी. तीनदा करावं लागेल.

मी कुठली म्हणून काय विचारता? दुसरी. मागणारी. चांगली खणखणीत मागणारी. माझा देव आमच्या लाँड्रीच्या दुकानातच असतो, वाफेच्या नळीच्या वरच्या फळीवर. पितळी बाळकृष्ण आहे, वीतभर. अकरा वाजले आणि दोन्ही इस्त्र्या तापल्या की त्याला घाम फुटतो, मी फडक्याने पुसते. एवढी सेवा केल्यावर दोन गोष्टी मागितल्या तर त्यात लाज कसली? लेकरू आईकडे मागतं तेव्हा आई त्याला तुझी तऱ्हा कुठली, असं विचारते का?

माझी मागायची पद्धतही ठरलेली आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला आम्ही पिवळी चिठ्ठी टाचतो. नाव, तक्रार, काम, कधी हवं, काही सूचना. कपडा परत गेला तरी चिठ्ठी त्यावरच ठेवतो. गिऱ्हाइकाने डाग गेल्याची खात्री करायची आणि मग स्वतःच ती काढायची. देवालाही मी त्याच पिवळ्या कागदावर लिहून देते आणि त्याच्या पायाशी ठेवते. तोंडी सांगितलेलं काम विसरलं जातं, हा तीस वर्षांचा अनुभव आहे. सध्या गुडघ्यांसाठी एक चिठ्ठी आहे. दुसरीही एक आहे, किरकोळ.

आमच्याकडे इस्त्रीवाले काका आहेत, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. ते रोज सकाळी देवासमोर मिनिटभर उभे राहतात आणि कामाला लागतात. त्यांना मी तुमच्या चारही तऱ्हा वाचून दाखवल्या. म्हणाले, बाईसाहेब, आज पडदे आधी घ्यायचे की कोट?

बदलीचं माझंही तुमच्यासारखंच. लेक-जावयाने ठरवावं, आपण कशाला मध्ये पडा.

तुमची,
विहीण

२४ जून

सौजन्यमूर्ती विहीणबाई यांस,

नमस्कार. शाल पोहोचली. डाग गेला आहे. खिडकीत धरून, चष्मा लावून आणि चष्मा काढून, दोन्ही प्रकारे पाहिलं. आपल्या कामात खोट काढता येणार नाही.

शालीला टाचणी लावलेली चिठ्ठी होती. आपल्या दुकानाच्या नियमाप्रमाणे ती मी स्वतः काढली आणि वाचली. जशीच्या तशी खाली उतरवून देते.

नाव: मी.
तक्रार: लेक लांब आहे.
काम: लेक-जावई कायमचे इकडे आणणे.
कधी हवं: तातडीचं.
सूचना: विहीणबाईंना वाईट वाटणार नाही अशा बेताने.

शेवटची ओळ वाचून हसावं की रागवावं हे कळेना, म्हणून मी रागावले. ही आपली किरकोळ चिठ्ठी. अकरा दिवसांपूर्वी आपण मला लिहिता, आपण कशाला मध्ये पडा, आणि त्याच वेळी देवाला मध्ये घालून माझ्या मुलाला तिकडे ओढता. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तुमच्याकडे दुकान आहे, माणसांची ये-जा आहे, काका आहेत. माझ्याकडे सकाळी दूधवाला येतो आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येतो. मला एकच मुलगा आहे. तो आला तर इथे येईल, म्हणून मी त्याच्या खोलीतला पलंगसुद्धा हलवलेला नाही.

तरीही मी कुणाकडे काही मागितलं नाही. माणसाने पायरी सोडू नये, एवढंच मला कळतं.

आपली,
(सही)

१ जुलै

विहीणबाई,

पत्र वाचलं. चोरी पकडली गेली, आता नाही कशाला म्हणू.

झालं ते असं. तुमची शाल बांधायला घेतली ते टेबल देवाच्या फळीखालीच आहे. त्या दिवशी वाफ जास्त झाली आणि तुमच्या शालीची चिठ्ठी आणि माझी देवाची चिठ्ठी, दोन्ही भिजून लोळागोळा झाल्या. मी दोन्ही इस्त्रीखाली वाळवल्या आणि परत ठेवताना अदलाबदल झाली. तीस वर्षांत कुणाची पँट कुणाला गेली नाही, पण ही चिठ्ठी गेली. तुमचं पत्र आल्यावर स्टुलावर चढून फळीवर बघितलं. आठ दिवस देवाच्या पायाशी होतं, की तेलाचा डाग, कडेला आहे, सावकाश चालेल. त्याने ते वाचून काय समजूत करून घेतली असेल, त्याचं त्याला माहीत.

आता मी तातडीचं का लिहिलं ते ऐका. गेल्या वर्षी एका रविवारी दुकान बंद असताना मी मागच्या खोलीत ओल्या फरशीवर घसरले. पाय अंगाखाली दुमडला. दहाला पडले ती एकपर्यंत तशीच. काका चष्मा विसरले होते म्हणून परत आले, नाहीतर सोमवारपर्यंत पडून राहिले असते. त्या तीन तासांत मी देवाला हाक मारली नाही हो, लेकीला मारली. मोठ्याने, नाव घेऊन. ती कुठल्या कुठे, तिला काय ऐकू जाणार. तेव्हापासून मला एकटीची भीती वाटते. लेकीला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तुमचा मुलगा ओढायचा असं मनात नव्हतं. माझी मुलगी जवळ हवी होती आणि तो तिच्याबरोबर येतो, त्याला मी काय करू.

तुम्हाला दुखावलं, त्याचं मला वाईट वाटतं. मागितलं, त्याचं मात्र वाटत नाही.

आता एक विचारते, रागावू नका. अगोदरच रागावला आहात तेव्हा त्यातच उरकून घेते. पलंग न हलवता ठेवलात. मुलगा इकडे येऊ दे, असं रोज दिवा लावताना एकदाही मनात येत नाही? तुमचा हात दिव्याजवळ हलला कशाने?

तुमची,
विहीण

३० जुलै

प्रिय विहीणबाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. त्यातले अकरा दिवस आपण दवाखान्यातल्या एकाच बाकावर बसलो होतो, तेव्हा कागदाची गरज नव्हती. सूनबाई आता घरात हिंडते-फिरते, काल तिने स्वतः भाजी चिरली असं मुलगा म्हणाला. टाके परवा निघाले. अपेंडिक्स फुटल्यावर माणूस इतक्या लवकर उभं राहतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. तुमची लेक काटक आहे. तुमच्यावर गेली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी बाकावर देऊ शकले नाही, इथे देते. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

माझी ती प्रवचनाची वही आहे ना, तिच्यात पुढून चार तऱ्हा, आत्मा, माया, सगळं नीट शाईने लिहिलेलं आहे. वही उलटी केली की शेवटच्या पानापासून दुसरंच सुरू होतं. मुलगा इकडे येऊ दे. रोज एकवीस वेळा, फेब्रुवारीपासून. बदलीचं पहिल्यांदा कानावर आलं त्या दिवसापासून. पुढून वेदान्त आणि मागून मागणी. तुम्ही एका चिठ्ठीवर भागवलंत, मी सत्तर पानं भरली, आणि वर तुम्हाला पायरी शिकवली. तुमची चिठ्ठी वाचून मला जो संताप आला तो तुम्ही मागितलंत म्हणून नव्हता. तुमची चिठ्ठी माझ्या आधी पोहोचली तर काय, म्हणून होता.

आता जे सांगते ते फार जड आहे. त्या दुपारी मुलाचा फोन आला, की तिला आत नेलंय, तेव्हा माझ्या मनात पहिलं हे आलं, की आपण दोघींनी दोन बाजूंनी ओढलं आणि मधली दोरी तुटली. देव असा नसतो हे मला कळतं. पण त्या वेळी कळून उपयोग होत नव्हता. गाडीत पूर्ण वाटभर मी हात जोडून बसले होते. शेजारची बाई मला पाणी पाज, खिडकी उघड, असं करत होती.

आणि बाकावर तुम्ही माझा हात धरलात, तेव्हा मी पुटपुटत होते ते हे, की तिला बरी कर, त्यांना हवं तिथे राहू दे, मला काही नको. म्हणजे मी तिसरीही नाही आणि चौथीही नाही. पहिली आहे, धावत येणारी. तुम्ही मात्र धन्य. त्या अवस्थेत तुम्ही नर्सला विचारलंत, चादरी कशात भिजवता, डाग पक्के बसलेत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. नंतर लक्षात आलं, तुमच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

माझं असं म्हणणं आहे, की आपण दोघींनी आपापले अर्ज मागे घ्यावेत. मी वहीची मागची पानं फाडली. तुमचं तुम्ही बघा, माझी सक्ती नाही.

शालीचं राहिलंच. रोज पांघरते.

तुमची,
विहीण

७ ऑगस्ट

माझ्या उलट्या वहीच्या विहीणबाई,

तुमचं पुटपुटणं मला ऐकू आलं होतं. तुम्हाला वाटतं तुम्ही मनात बोलता, पण तुमचं मनातलंही शेजारच्या बाकावर जातं. मीही तेच म्हणत होते, फक्त तोंड बंद ठेवून. म्हणून तर हात धरला.

माझी मूळ चिठ्ठी तुमच्याकडेच आहे, ती फाडून टाका. शिवाय तिच्या जागी मी नवी लिहून ठेवली होती, तीही काल काढली. हो, ठेवली होती. तुमचं रागाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मीही सांगते. तीत फक्त सूचना जरा वाढवली होती, की विहीणबाई फार रागीट आहेत, जपून.

चिठ्ठी काढल्यावर मला देवाकडे बघून चुकल्यासारखं व्हायला लागलं. आता मागायचं नाही तर याच्यासमोर उभं राहून करायचं काय? काकांना विचारलं, तुम्ही इतकी वर्षं रोज उभे राहता, काय मागता हो? ते कोटाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होते. म्हणाले, मागायचं काय त्यात? रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं तर आपण कसं काय म्हणतो आणि पुढे जातो, तसंच. मग म्हणाले, कॉलर जळेल, बोलायला लावू नका. तुमच्या प्रवचनकारांना सांगा, चौथा सापडलाय, इस्त्री करतो.

आता खरी बातमी. तुमच्या मुलाचा तुम्हालाही फोन येईल, पण लेकीने मला आधी केला म्हणून मी आधी लिहिते. जावईबापूंनी दोन्ही शाखांना नाही म्हणून कळवलं. आहेत तिथेच राहणार. लेक म्हणाली, आई, मला आत नेलं तेव्हा शेजारच्यांनी घर सांभाळलं, डबे आणले, रक्त द्यायला ऑफिसातली सहा जणं आली. आमचं इथे जमलंय गं. तुला वाईट वाटलं का? मी म्हटलं, छे. फोन ठेवला आणि रडले. काकांनी रुमाल दिला, चांगला घडी घातलेला, गिऱ्हाइकाचा. तो पुन्हा धुवावा लागला.

रडून झाल्यावर बरं वाटलं. ती तिथे सुखात आहे, माणसांत आहे. मी देवाला सांगत होते तिला माझ्याजवळ आण, आणि ती आपली कुणाच्या ना कुणाच्या जवळ होतीच. दोघींचे अर्ज एकाच दिवशी फेटाळले म्हणायचे, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

आता माझं एक काम आहे आणि ते मी देवाला सांगत नाही, तुम्हालाच सांगते. दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. एक मी लेकीसाठी झाडून-पुसून ठेवली होती, खिडकी पूर्वेची आहे. तुम्ही येऊन राहा. महिनाभर राहा, पटलं तर जास्त राहा, नाही पटलं तर भांडून जा. माझी नजर आता बारीक डागांवर ठरत नाही, तुम्ही चौतीस वर्षं काचांवरचे ओरखडे शोधलेत. आणि चिठ्ठ्या टाचायचं काम मी तुमच्याकडे देते. का, ते विचारू नका. शिवाय फरशी अजून तशीच निसरडी आहे. पडले तर हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुणीतरी असावं, असं वाटतं.

तुमची,
विहीण

१९ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

तुमच्या पत्राचं उत्तर मी मनात त्याच दिवशी दिलं होतं, कागदावर उतरवायला बारा दिवस लागले. त्यातले चार दिवस नको म्हणण्यात गेले. लोक काय म्हणतील, विहिणीच्या घरी जाऊन राहते. पाचव्या दिवशी मोजून बघितलं, की माझ्याबद्दल काहीतरी म्हणतील असे लोक कोण. एकटा दूधवाला निघाला. त्याला सांगून टाकलं, महिनाभर दूध नको. तो म्हणाला, बरंय आजी, जाऊन या. लोकांचा प्रश्न मिटला.

मुलाची बातमी ऐकून मीही रडले. माझ्याकडे रुमाल द्यायला कुणी नव्हतं, पण शाल होती. काळजी नको, तेल सांडलेलं नाही.

सकाळी देवासमोर बसते अजून. वही उघडत नाही. मागायला काही सुचत नाही आणि विचारायलाही काही सुचत नाही. पहिले दोन दिवस फार अवघडल्यासारखं झालं, पाहुण्यासमोर बसल्यावर बोलणं संपतं तसं. आता होत नाही. पाच-सात मिनिटं नुसती बसते, बरं वाटतं, मग उठून नळाखालची बादली रिकामी करते. ही कुठली तऱ्हा हे बुधवारी विचारणार होते. पण हात वर केलाच नाही.

गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. दुपारी एकच्या सुमाराला पोहोचेन. तुम्ही स्टँडवर येऊ नका, गुडघे सांभाळा, मी विचारत येईन. सामान थोडं आहे. घासकामाचं माझं भिंग आणते आहे, डागांना उपयोगी पडेल. दुकानात मला गल्ल्यावर बसवू नका, मला हिशेबाचा कंटाळा आहे. आणि मला पहाटे उठायची सवय आहे, भांडी वाजली तर ओरडू नका.

काल रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला. म्हणाला, आई, आम्ही तिकडे येऊ शकलो नाही, तर तूच येतेस का आमच्याकडे महिनाभर? पुढच्या आठवड्यातच ये, मी न्यायला येतो. सात महिने मी याच एका फोनची वाट बघत होते, विहीणबाई. आणि माझ्या तोंडून निघालं, अरे, आत्ता नाही जमायचं, मला वेळ नाही.

तो म्हणाला, तुला वेळ नाही? मग हसायला लागला, आणि मीही हसले.

तुमची,
विहीण